माहिती भरायची आहे, गप्प बसा

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत पंधरा वर्षे शिकवत आहे. पहिली ते चौथीचे मिळून 38 विद्यार्थी आहेत. पहिली-दुसरी आमच्या सरांकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. मुख्याध्यापकपदाचा प्रभारही सरांकडेच आहे आणि त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. सर शिकवतात उत्तम, परंतु परिपाठ संपल्यापासून शाळा सुटेपर्यंत त्यांचे एकच पालुपद चालू असते : ‘शिकवायला वेळच कुठे ठेवलाय यांनी?’ पोषण आहाराच्या नोंदी, आधार जुळत नाही म्हणून परत आलेली नावे, बीएलओचे म्हणजे मतदारयादीचे काम, आता टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आणि जनगणना, या सगळ्यावर ते दिवसभर बोलतात. सुरुवातीला मी ऐकून सोडून देत असे. आता मीही तेच बोलते, आणि घरी गेल्यावर तर अधिकच. माझे पती एमआयडीसीतील कंपनीत पाळीने काम करतात. ते म्हणतात, ‘दहा ते पाच शाळा, दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, आणि वर तक्रार!’ गेल्या रविवारी माझी सात वर्षांची मुलगी ‘शाळा शाळा’ खेळत होती. तिने उशीला टेकवून चार बाहुल्या बसवल्या, स्वतः खुर्चीवर बसली, टीव्हीचा रिमोट मोबाईलसारखा हातात धरला आणि म्हणाली, ‘गप्प बसा रे, मला माहिती भरायची आहे.’ बराच वेळ ती रिमोटची बटणे दाबत राहिली. एक बाहुली आडवी पडली, तरी तिने वर पाहिले नाही. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. आमची तक्रार खरी आहे की ती आम्हाला लागलेली सवय आहे? सरांना काही बोलावे का? की सरळ बदली मागावी?

आपली,
एक शिक्षिका

प्रिय बाई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी तुमच्या मुलीच्या खेळापाशी थांबलो. तिने तुमची कुरकुर उचलली असे तुम्हाला वाटते आहे. मला तसे वाटत नाही. ती ‘किती काम असते बाई’ असे म्हणाली नाही, तिने कपाळाला हात लावला नाही, कोणा साहेबाला नावे ठेवली नाहीत. तिच्या खेळातल्या बाई तक्रार करतच नाहीत. त्या निमूटपणे माहिती भरतात आणि वर्गाकडे पाहत नाहीत. म्हणजे घरात तुम्ही जे बोलता ते तिच्या कानांवरून गेले आणि जे करता ते मात्र तिच्या डोळ्यांत राहिले. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देताना मी हा भेद धरून चालणार आहे, कारण शिक्षक काय बोलतो यावर गावापासून मंत्रालयापर्यंत सगळे टीका करतात, पण त्याची नजर वर्गावरून कधी आणि कशामुळे हटली, हे सहसा कोणी विचारत नाही.

पुढे लिहिण्याआधी मला एक कबुली द्यायला हवी. मी बावीस वर्षे वर्गावर होतो, परंतु निवृत्तीपूर्वीची सहा वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी होतो, आणि तुमच्या सरांना ज्यांचा संताप येतो ते ‘तात्काळ’ संदेश पाठवणाऱ्यांपैकी मी एक होतो. जुलैमधल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेच्या वेळी, वरून आलेला निरोप मी केंद्रातल्या चौदा शाळांच्या मोबाईलवरील गटावर जसाच्या तसा पुढे ढकलला : गळक्या वर्गखोल्या आणि फुटलेल्या कौलांची संख्या विहित नमुन्यात आजच 11 वाजेपर्यंत कळवावी, निरंक (म्हणजे शून्य) असल्यास निरंक कळवावे. अकराच्या सुमारास मी त्यांतल्याच एका शाळेवर पोहोचलो, तेव्हा तिथल्या बाई अंगणात उभ्या राहून, पदर डोक्यावर घेऊन, भुरभुर पावसात कौले मोजत होत्या. आत तिसरीच्या वर्गात फळ्यावर 52 वजा 27 हे उदाहरण अर्धवट राहिले होते. पाचावर काट मारून वर 4 लिहिले होते, दोनाच्या डोक्यावर 12 लिहिले होते आणि रेघेखालची जागा कोरी होती. मुले त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसली होती. हातच्याची वजाबाकी ज्याने शिकवली आहे त्याला हे सांगावे लागणार नाही की ती नेमकी या पायरीवर तुटली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते, कारण एक दशक मोडून दहा एकक होतात ही गोष्ट तोवर मुलाला फक्त दिसलेली असते, पटलेली नसते. कौलांची ती माहिती नंतर माझ्याकडे कोणीही मागितली नाही. इमारतीच्या स्थितीची नोंद यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या वार्षिक माहितीच्या प्रपत्रात आधीच झालेली होती, हे मला त्या सकाळीही ठाऊक होते. तो निरोप मी शाळा सुटल्यावर पाठवू शकलो असतो. पाठवला तो भर तासाला, कारण मलाही वरून ‘तात्काळ’ होते आणि पुढे ढकलायला डोके लागत नाही.

तेव्हा तुमची तक्रार खरी आहे का, या प्रश्नाचे उत्तर मी आरोपीच्या पिंजऱ्यातून देतो आहे असे समजा : ती खरी आहे. परंतु ती नेमकी कशाची आहे हे तुमच्या सरांनाही नीट मांडता आलेले नाही, आणि म्हणून तुमच्या यजमानांचा हिशेब तुम्हाला खोडता येत नाही.

तो हिशेब आपण कायद्याच्याच आकड्यांनी करून पाहू. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 कामाचे दिवस आणि 800 अध्यापनाचे तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्याच परिशिष्टात शिक्षकाने आठवड्याला किमान 45 तास काम करावे असे म्हटले आहे आणि त्यात पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत हेही तिथेच स्पष्ट केले आहे. सहा दिवसांच्या आठवड्यात मुलांसमोरचे 24 तास वजा केले तर 21 तास उरतात. आपल्या शाळांत मुलांसमोरचा वेळ प्रत्यक्षात याहून जास्त असतो, तेव्हा हा आकडा खाली येईल, हे मान्य. तरीही शिकवण्याइतकेच शिकवण्याआधीचे आणि नंतरचे काम असते हे खुद्द कायदा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेले होते. तिसरीला कोणते काम देऊन बसवले म्हणजे चौथीला भागाकार शिकवता येईल, याचा विचार आदल्या संध्याकाळी झाला नाही तर दुसऱ्या दिवशी दोन्ही इयत्ता वाया जातात, हे तुम्ही रोज अनुभवता. वह्या तपासणे म्हणजे नुसती खूण करणे नसते. कोणत्या मुलाने जोडाक्षर फोडून लिहिले, कोणी शून्य गिळला, हे पाहून उद्या कोणाजवळ पाच मिनिटे बसायचे ते ठरवणे असते. माहितीचे काम हा वेळ खाते. तासिका बुडाली तर ती दिसते. तयारी बुडाली तर कोणाला दिसत नाही, आणि काही वर्षांनी खुद्द शिक्षकालाही दिसेनाशी होते. ‘शिकवायला वेळच नाही’ हे सरांचे वाक्य म्हणूनच लोकांना खोटे वाटते. शाळेत मुले आहेत, फळा आहे, सर आहेत, मग वेळ नाही कसा? शिकवायला वेळ आहे, शिकवण्याच्या तयारीला उरलेला नाही, असे ते म्हणाले असते तर निदान ऐकणारा थबकला असता.

हा हिशेब यजमानांना कागदावर मांडून दाखवा. पाळीने काम करणाऱ्या माणसाला तो चटकन कळेल, कारण त्यांच्याकडेही नवा जॉब (घडवायचा सुटा भाग) घेण्याआधी मशीन सेट करावे लागते आणि त्या वेळेला कोणी रिकामटेकडेपणा म्हणत नाही. सुट्ट्यांबद्दल ते जे म्हणतात ते मात्र मान्य करून टाका. मे महिन्याची सुट्टी मिळते, पगार वेळेवर होतो, गावात अजूनही ‘बाई’ म्हणून मान आहे, या गोष्टी खऱ्या आहेत. पुष्कळ शिक्षक त्या कबूल करायला कचरतात आणि मग त्यांच्या रास्त गाऱ्हाण्यावरही कोणाचा विश्वास बसत नाही.

आता अशैक्षणिक कामांविषयी. याच कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसद यांच्या निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकाला शिक्षणेतर कामास लावता येत नाही. म्हणजे 2027 च्या जनगणनेचे काम तुमच्या वाट्याला आले तर ते करावे लागेल. त्यावर त्रागा करण्यात सरांनी श्वास दवडू नये. निवडणुकीच्या कामाबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली, दिल्लीतल्या शाळांच्या प्रकरणात, असे स्पष्ट केले होते की ते सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे आणि अध्यापनाच्या दिवशी, अध्यापनाच्या वेळेत शिक्षकांना सहसा त्यावर लावू नये. बीएलओची पिशवी खांद्याला लावून फिरणाऱ्या शिक्षकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. शिव्या मात्र सगळ्यांना पाठ असतात. 2024 साली आपल्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचे वर्गीकरणही केले. वर्गीकरण केल्याने काम कमी होत नाही, पण समोर आलेले काम कोणत्या खान्यात बसते हे नम्रपणे आणि लेखी विचारता येते. तोंडी विचारले तर तो उद्धटपणा ठरतो. लेखी विचारले की त्याला जावक क्रमांक पडतो, आणि कार्यालयात जावक क्रमांकाइतका आदर दुसऱ्या कशालाही मिळत नाही.

शिक्षकाच्या गळ्यात गावची कामे पडणे ही आजकालची अधोगती आहे, असे सर म्हणत असतील तर त्यांना एक जुनी गोष्ट सांगा. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक चौकशी आयोगाला, दिलेल्या निवेदनात प्रशिक्षित शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा अशी मागणी केली होती, आणि त्याच ओघात असेही सुचवले होते की गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल किंवा मुद्रांकविक्री अशी कामे शिक्षकांकडे सोपवली तर त्यांची स्थिती सुधारेल आणि गावकऱ्यांवर त्यांचा चांगला प्रभाव पडेल. मला हे प्रथम वाचले तेव्हा हसू आले होते. नंतर लक्षात आले की फुल्यांच्या मनातले जोडकाम शिक्षकाचे वजन वाढवणारे होते, कारण त्याबरोबर गावात अधिकार येणार होता. गावचा हिशेब तपासणारा मास्तर आणि कौले मोजून निरंक कळवणारा मास्तर यांच्यात कामाच्या तासांचा फरक थोडा असेल, पण पहिल्याला गाव विचारते आणि दुसऱ्याला कोणीही विचारू शकते. तुमच्या सरांच्या रागातला मोठा वाटा मला या दुसऱ्या गोष्टीचा वाटतो. काम जड आहे म्हणून माणूस एवढा चिडत नाही. आपल्या वेळेची किंमत कोणीच धरत नाही म्हणून चिडतो.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूने बोललो. आता जे लिहितो ते कदाचित आवडणार नाही.

केंद्रप्रमुख असताना एका पावसाळ्यात आमच्या डोंगरपट्ट्यातला मोबाईलचा मनोरा आठवडाभर बंद पडला. संदेश नाहीत, ॲप नाहीत, लिंक नाहीत. मी मोटारसायकलवरून दोन शाळांना भेट दिली. पहिल्या शाळेत गुरुजींनी चौथीच्या मुलांना पोषण आहाराचा तांदूळ तोलायला लावले होते : प्राथमिकच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम, हजर मुले 26, तर किती किलो आणि किती ग्रॅम? मुले तराजूभोवती भांडत होती आणि गुरुजी तांबूस झालेल्या चेहऱ्याने त्यांच्यात उभे होते. दुसऱ्या शाळेत दोघेही शिक्षक ओसरीवर खुर्च्या टाकून बसले होते. मुले आत ‘लिहून काढा’ करत होती. मला पाहताच दोघे एका सुरात म्हणाले, ‘साहेब, या मनोऱ्याचं काहीतरी करा, कामं खोळंबलीत.’ पंधरा दिवसांपूर्वी याच दोघांनी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, उभे राहून, ऑनलाइन कामांमुळे शिकवता येत नाही, असे भाषण केले होते आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून कोणीही कामाच्या ओझ्याबद्दल बोलू लागले की मी मनात त्या आठवड्याची आठवण काढतो. तुम्हीही स्वतःला एकदा विचारून पाहा : उद्या सकाळपासून आठ दिवस एकही निरोप आला नाही, तर तुम्ही तिसरीत काय कराल? उत्तर लगेच सुचले, एखादे राहून गेलेले काम डोळ्यांपुढे आले, तर तुमची तक्रार जिवंत आहे. काहीच सुचले नाही तर ती सवयीत मुरू लागली आहे.

सवयीची आणखी एक खूण तुमच्याच पत्रात आहे. सर टीईटीवरही बोलतात असे तुम्ही लिहिता. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून कमी वर्षे राहिली आहेत त्यांना टीईटी उत्तीर्ण न होताही निवृत्तीपर्यंत सेवेत राहता येते. पदोन्नती तेवढी मिळत नाही. सरांची दोन वर्षे राहिली आहेत. म्हणजे ही तक्रार त्यांची नाहीच, ती उसनी आणलेली आहे. तुमची मात्र आहे, कारण पंधरा वर्षांच्या सेवेतल्या बाईंना ती परीक्षा लागू होते. सरांच्या सुरात सूर मिळवून तिच्यावर बोलण्यात जी मधली सुट्टी जाते, ती तुम्हाला बालमानसशास्त्राचे पुस्तक उघडायला हवी आहे. दुसऱ्याच्या रडगाण्यात आपले खरे दुखणे मिसळले की आपल्यालाही ते दुखणे वेगळे काढता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी कोरडी आहे. दुकानातून एक शंभर पानी वही आणा. शाळेच्या वेळेत आलेला प्रत्येक माहितीचा निरोप तिच्यात लिहा : तारीख, किती वाजता आला, किती वाजेपर्यंत मागितला, कोणी मागितला, भरायला किती मिनिटे लागली आणि हीच माहिती पूर्वी कधी दिली होती का. शेरा लिहू नका, विशेषणे तर मुळीच नकोत. माझ्या केंद्रातल्या एका शिक्षिकेने असे महिनाभर लिहिले आणि शिक्षण परिषदेत काही न बोलता ती वही माझ्यासमोर ठेवली. 23 नोंदी होत्या आणि त्यांतल्या 9 माहित्या मी आधी कधीतरी घेतलेल्या होत्या. भाषणांनी जे सहा वर्षांत झाले नव्हते ते त्या वहीने अर्ध्या तासात केले. पुढच्या महिन्यापासून मी निरोप शाळा सुटल्यावर पाठवू लागलो आणि जे माझ्याच कपाटात होते ते शाळांकडे मागणे थांबवले. सगळेच केंद्रप्रमुख असे विरघळतील अशी हमी मी देत नाही. पण ती वही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते, शिक्षक संघटनेकडे जाऊ शकते. ‘वेळच कुठे ठेवलाय’ हे वाक्य कुठेच जाऊ शकत नाही, ते व्हरांड्यातच फिरत राहते. शिक्षणसेवकांचे, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या नव्या शिक्षकांचे, मानधन प्राथमिकला 6,000 रुपयांवरून 16,000 रुपये झाले ते 2023 साली, आणि त्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली, न्यायालयाचे दार वाजवले, त्यांच्या मागणीत एक आकडा होता. तुम्ही स्वतः शिक्षणसेवक म्हणून लागला असाल, तेव्हा तो आकडा तुम्हाला वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरी सूचना मोबाईलची. तो वर्गात नको. सकाळच्या सत्रात कपाटात, मधल्या सुट्टीत बाहेर, दुपारी पुन्हा कपाटात. मुख्याध्यापकांचा एक फोन चालू राहील आणि तातडीच्या गोष्टीसाठी त्यावर थेट कॉल करावा, असे पत्र शाळेच्या नावाने केंद्रप्रमुखांना द्या. सरांकडे पहिली-दुसरी आहे. त्यांनाही दिवसभर फोन सांभाळायला लावणे बरे नाही, तेव्हा एक दिवस त्यांनी आणि एक दिवस तुम्ही अशी पाळी लावा. दोन तास उशिरा पोहोचलेल्या निरंकामुळे कोणाची वेतनवाढ रोखली गेल्याचे माझ्या सबंध नोकरीत माझ्या पाहण्यात नाही. पहिल्या आठवड्यात एखादा चढा आवाज ऐकावा लागेल, एखादी ‘कारणे दाखवा’ची धमकीही येईल. कारण तर तुमच्याकडे आहेच : तासिका चालू होती.

आता सर. ते तुमच्याहून वडील आहेत, प्रभारी आहेत आणि उत्तम शिकवतात असे तुम्हीच लिहिता, तेव्हा ‘सर, सारखी तक्रार बरी नव्हे’ असे त्यांना तोंडावर सांगण्याच्या फंदात पडू नका. त्याचा उपयोग होणार नाही आणि दोन शिक्षकांच्या शाळेत अबोला धरला तर शाळाच मुकी होते. पण जागेचा विधिनिषेध त्यांच्याकडे नक्की मागा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या देखत, दाखला न्यायला आलेल्या पालकांच्या देखत आणि मुलांच्या देखत हा विषय नको, एवढेच म्हणा, आणि तेही एकटे असताना, चहाच्या वेळी. ताई महिन्याला काही हजारांच्या मानधनावर चुलीपुढे उभ्या असतात. आपल्या पगाराच्या माणसाचे गाऱ्हाणे त्यांच्या कानांना कसे लागत असेल याचा विचार आपण करत नाही. पालक तर ऐकतो आणि काही बोलत नाही. तो घरी जाऊन बायकोला सांगतो की गुरुजींनाच शाळा नकोशी झाली आहे, आणि जूनमध्ये त्याचे पोर इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसते. मग पटसंख्या उतरते, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा) एक पद जाते आणि उरलेल्या शिक्षकावर दुप्पट काम पडते. कुरकुरीने काम वाढल्याची ही साखळी मी दोन शाळांत शेवटपर्यंत पाहिली आहे.

आणि सरांशी बोलायला दुसरा एखादा विषय काढा. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या शिक्षकाजवळ पहिलीचे वाचन शिकवण्याची अशी काही हातोटी असते की जी कोणत्याही प्रपत्रात भरता येत नाही, आणि ती कोणी विचारत नाही याचे दुःखही त्या पालुपदात मिसळलेले असते. काना-मात्रा झाल्यावर मूल अडखळते तेव्हा सर नेमके काय करतात, हे विचारा. खरोखर शिकण्यासाठी विचारा, त्यांना गप्प करण्याची युक्ती म्हणून नको. तेवढा फरक जुन्या शिक्षकाला कळतो. माझा अंदाज आहे की त्या दिवशी मधली सुट्टी लवकर संपेल.

बदलीविषयी थोडक्यात सांगतो. अंतर, घरच्यांचे आजारपण, मुलीचे शिक्षण अशा कारणासाठी बदली मागण्यात काहीच वावगे नाही. तक्रारीपासून सुटण्यासाठी मात्र मागू नका. नव्या शाळेत गटाचे नाव बदलेल, निरोप तेच येतील, आणि तिथल्या सरांना शिकवता येत असेलच असे नाही.

मुलीला काही समजावून सांगण्याची गरज मला दिसत नाही. येत्या रविवारी ती पुन्हा शाळा मांडील तेव्हा पाचवी बाहुली होऊन उशीला टेकून बसा आणि आडव्या पडलेल्या बाहुलीकडे बोट दाखवून ‘बाई, ही पडली’ एवढे म्हणा. पुढे काय होते ते मला कळवा. वहीतल्या महिनाभराच्या नोंदींपैकी किती माहित्या दुसऱ्यांदा मागितल्या गेल्या, तो आकडाही कळवा. तुमचे नाव छापणार नाही. आकडा मात्र जरूर छापीन, कारण माझ्या जागेवर पुढे आलेले दोन केंद्रप्रमुख हे सदर वाचतात, हे मला पक्के ठाऊक आहे.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख